खंडेनवमीचा पाना

आमचे यजमान विसराळू नव्हते. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पेडण्याच्या बाजारात आजही एखादा म्हातारा त्यांची ओळख सांगताना म्हणतो, "तो रे, नट आवळूक विसरललो तो." मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मला येतं. मी इतकी वर्षं गप्प राहिले ती शपथेपोटी. स्वभाव म्हणाल तर सावंतवाडीकडे माझ्या माहेरी मला तिखाळ जिभेची म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

आमचं घर पेडण्याहून इब्रामपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. घरात सासूबाई, थोरले दीर, थोरली जाऊ, त्यांची लहान मुलगी आणि आम्ही दोघं. आम्हाला मूल नव्हतं. दिरांची काळी-पिवळी टॅक्सी होती. यजमान डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते, खनिजाचे ट्रक दुरुस्त करायचे. एक भाऊ गाडी चालवायचा आणि दुसरा ती चालती ठेवायचा. दोघे तासन् तास शेजारी बसले तरी चार शब्द बोलत नसत, पण एकाला ठेच लागली तर दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, अशातले.

सुट्टीला घरी आले की यजमान अंगणात टॅक्सीखाली असत. मी तिला माझी सवत म्हणायची. त्यांचा एक नियम होता, गाडीखाली एकट्याने शिरायचं नाही. कुणीतरी हाकेच्या अंतरावर बसलेलं पाहिजे. तो मान माझा. मी गावातल्या बायकांची पोलकी शिवायची, तेव्हा हातशिलाईचं काम घेऊन आंब्याखाली बसायची आणि गाडीखालून त्यांची बडबड ऐकायची. माणसांशी न बोलणारा हा माणूस लोखंडाशी मात्र खूप बोलायचा. ऐकून ऐकून मलाही निम्मं काम पाठ झालं होतं.

आमच्याकडे गाडी उचलायची म्हटलं की लोक आधी चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, शोधतात. घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, कुंपणाचा गडगा चिऱ्याचा, मग गाडीला टेकू तरी दुसरा कुठून सुचणार? यजमानांना ते बघितलं की संताप यायचा. चिरा भिंतीत चांगला, पण गाडीचा भार एका टोकावर आला की त्याचा भुगा होतो, आणि तो आधी सांगून फुटत नाही. शेजारच्या वाडीत एकाचा ट्रक असाच चिऱ्यांवरून बसला होता. नशीब की खाली कुणी नव्हतं. यजमानांनी वर्कशॉपातून जाड पाइपाचे घोडे वेल्डिंग करून आणले होते. जॅक फक्त उचलायला, पेलायला घोडे. मागच्या चाकांना किंदळाच्या लाकडाची पाचर. एवढं झाल्यावर गाडीला खांदा लावून ते ती गदागदा हलवायचे. "आता पडता तर पडांदे, मी भायर असताना," म्हणायचे, आणि मग आत शिरायचे.

वर्कशॉपातली आणखी एक रीत त्यांनी घरी आणली होती. गाडीचं काम अपुरं असलं की सगळ्यांत मोठा पाना चालकाच्या सीटवर आडवा ठेवायचा. पाना सीटवर असेपर्यंत गाडीला चावी लावायची नाही. चिठ्ठी वाऱ्याने उडते, तोंडी निरोप माणूस विसरतो, पण हातभर लोखंडावर कुणी बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. दीर कुठूनही आले की दार उघडून आधी सीटकडे बघायचे. पाना असला तर मुकाट्याने घरात यायचे. नसला तर गाडी चालू करायचे. विचारायचंसुद्धा नाही. घरातल्या त्या लहान मुलीलाही ही खूण ठाऊक होती.

त्या साली दसऱ्याच्या तोंडावर गाडी पुढच्या बाजूने टकटक करायला लागली. पुढची चाकं ज्या लोखंडी हातांवर तोललेली असतात, त्या हातांच्या मुळाशी रबरी बुश असतात. ते फाटले होते. दसऱ्याचे दिवस म्हणजे टॅक्सीवाल्याची सुगी. गावागावांत देवांची तरंगं निघणार, माहेरवाशिणी येणार, देवदर्शनाला माणसं जाणार. यजमान नवीन बुश घेऊन नवमीच्या सकाळी आले. संध्याकाळी परत वर्कशॉपात जायचं होतं, कारण तिथल्या हत्यारांचीही पूजा असते आणि जुन्या फिटरने हजर नसणं बरं दिसत नाही.

मी त्या दिवशी बाहेरची होते. पूजेच्या सामानाला हात लावायचा नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही. पण फिटरच्या राखणीला बसायला काही विटाळ नव्हता, म्हणून मी आंब्याखाली होते. जुने बुश निघता निघेनात. दुपार कलली तेव्हा नवे बसले, बोल्ट आरपार गेले, नट चढले. यजमानांनी नट हातानेच फिरवून टेकवले आणि गाडी घोड्यांवरून खाली घेतली.

"आवळलात नाय?" मी विचारलं.

"आत्ता नाय. चाकां लोंबत असताना आवळला तर रबर पिळून बसता. मगे गाडी खाली टेकली की त्या पिळातच फाटता. आधी तिचो भार तिच्या पायांर येवंक होयो, मगे आवळूचा." असं सांगत त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडी चार वेळा दाबली, सोडली, दाबली, सोडली. गाडी आपल्या जागी बसली. आता चाकांखाली फळ्या घालून पुन्हा खाली शिरायचं, मोठ्या पान्याने चारही ठिकाणी पक्कं आवळायचं, वर अडकणीची पिन घालायची आणि नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची, एवढंच राहिलं होतं. रेघ असली म्हणजे आवळलेलं, नसली म्हणजे नाही. तेही त्यांचंच शास्त्र.

तेवढ्यात सासूबाई ओल्या केसांनी पडवीत आल्या. "पुरे आता. पूजा मांडूची आसा. हत्यारां हाड सगळी."

"आई, थोडोच काम रवला."

"नवमीक हत्याराक हात नाय म्हणजे नाय. तुझ्या बापाशीचो आंगठो इसारलंस?"

सासऱ्यांचा अंगठा हे आमच्या घरातलं पुराण होतं. ते एका नवमीला कुणाचा तरी अडलेला ओंडका फोडायला कुऱ्हाड घेऊन गेले आणि पायाचा अंगठा घालवून आले. तेव्हापासून त्या दिवशी आमच्या घरात विळीवर भाजीसुद्धा चिरत नसत. आदल्या दिवशीची चिरलेली असे. माझी कातर सकाळीच पूजेला गेली होती, आणि दसऱ्याला नेसायची म्हणून तीन बायकांची पोलकी अर्धवट लोंबत होती. मी सासूबाईंना मनात काय काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही.

यजमान भांडणारे नव्हते. त्यांनी हत्यारांची पेटी पडवीत नेऊन ठेवली. पण मोठा पाना तेवढा मागे काढला आणि चालकाच्या सीटवर आडवा ठेवला. मला हळूच म्हणाले, "ह्यो पूजेत गेलो नाय म्हणजे फाल्यां सकाळी हात लावल्यार दोष नाय. पयल्या बशीन येतंय, आवळतंय, मगे भाऊ जावंदे खंय जाता तो." पळवाट काढल्याचा त्यांना किती आनंद झाला होता! मग आंघोळ करून ते बसच्या वाटेला लागले. दीर दुपारपासून देवळात तरंगांच्या तयारीला गेलेले, त्यांची गाठ पडली नाही. पण गाठ पडायची गरजच नव्हती. पाना होता ना.

संध्याकाळी मी मागच्या पडवीत चटईवर होते. देवाच्या खोलीतून घंटा ऐकू आली, धुपाचा वास आला. पुढे दीर आल्याचा आवाज आला, जेवणाची भांडी वाजली. बाहेरच्या बाईने यापलीकडे काय बघायचं?

सकाळी उजाडताच मी कपड्यांचं बोचकं घेऊन व्हाळावर गेले. चौथं न्हाण होतं. धुणं आपटलं, डोक्यावरून आंघोळ केली, आणि मोकळं वाटलं. परत आले तर अंगणात गाडी नव्हती. जिथे चाकं होती तिथे चिरडलेली लिंबं आणि रोजाच्या, म्हणजे झेंडूच्या, पाकळ्या पडल्या होत्या. मला वाटलं, यजमान पहिल्या बसने येऊन आवळून मोकळे झाले असतील. मी कपडे वाळत घालायला लागले. शेवटचं लुगडं दोरीवर टाकत होते तेव्हा रस्त्यावर बस थांबली आणि यजमान उतरले. वर्कशॉपाच्या पूजेचा प्रसाद हातात, कपाळावर कुंकू.

ते फाटकातच थांबले. "गाडी खंय?"

मी म्हटलं, "तुमी येवन आवळून गेलात नाय?"

"मी आत्ता येतंय."

त्यांच्या हातातला प्रसाद खाली पडला. त्यांनी मला काही विचारलं नाही, घरात डोकावले नाहीत, सरळ रस्त्याला लागून पळत सुटले. टॅक्सीच्या मागे पायी पळून काय होणार? पण ते पळाले, आणि मीही ओल्या केसांनी त्यांच्यामागे पळाले.

दिरांना पुढच्या गावातून एका कुटुंबाला घेऊन नार्व्याला देवळात जायचं होतं. गाडी एकट्यानेच घेऊन निघाले होते, एवढीच देवाची कृपा म्हणायची. उताराच्या वळणावर पुढचं एक चाक आतल्या बाजूला दुमडलं. गाडी गडगा फोडून खाली काजूच्या बागेत उलटी झाली. आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी त्यांना बाहेर काढून आडवं केलं होतं. रोजाची माळ बॉनेटला तशीच होती. यजमान भावाजवळ बसले आणि त्यांच्या शर्टाची बटणं लावत राहिले. सगळी बटणं लागलेलीच होती. कुणाच्या तरी ट्रकातून म्हापशाच्या इस्पितळात नेलं. तिथे पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

मयत दुपारी घरी आलं. दसऱ्याला आमच्या दारात सोनं वाटायला आलेली माणसं मुठीतली आपट्याची पानं खिशात कोंबत होती. थोरली जाऊ भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. सासूबाईंचा आक्रोश सगळ्या वाडीला ऐकू जात होता.

यजमान देवाच्या खोलीत गेले. मी त्यांच्या मागे दारात उभी राहिले. पाटावर लाल कापड, त्यावर फुलांचा ढीग, आणि ढिगातून मोठ्या पान्याचा दांडा बाहेर आलेला. चिंच लावून घासलेला, लखलखीत, वर हळदकुंकवाची बोटं.

सासूबाई तिथेच पाटाजवळ पडल्या होत्या. यजमानांनी अगदी हळू विचारलं, "आई, ह्यो पानो हंय कोणी हाडलो?"

"वयनीन तुझ्या," त्या रडता रडता म्हणाल्या. "पेटयेत दिसलो नाय म्हणान सोदूक गेली. गाडयेत रवललो. व्हडला हत्यार पूजेक नको?"

नवमीच्या दिवशी आमच्याकडच्या बाईला हत्यार दिसलं की ती ते उचलणारच. जाऊबाईंना खूण ठाऊक नव्हती असं नाही. टॅक्सीवाल्याची बायको ती. पण त्या दिवशी तिला खूण दिसलीच नाही, पूजेतलं एक उणं दिसलं. तिच्या जागी मी असते तर? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे, आणि उत्तर मला आवडत नाही.

यजमानांनी दोन्ही हातांनी फुलं सारली आणि तो दांडा पुरता झाकला. मग माझ्याकडे वळून बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला लगेच कळला, आणि लगेच माझं डोकं फिरलं.

थोड्या वेळाने फौजदार आला. पडवीत गाव जमलेलं. त्याने विचारलं, गाडीचं काम कोणी केलं होतं?

"मी," यजमान म्हणाले.

"मग झालं काय?"

"नट आवळूचे रवले. विसारलंय."

एवढंच. पूजेचं नाही, आईने अडवल्याचं नाही, पान्याचं नाही. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. पण तेवढ्यात जाऊबाई उठून बाहेर आली, केस मोकळे, आवाज फाटलेला. "विसारलंस? माझो घोव मारलंस आणि विसारलंय म्हणतंस?" सकाळपासून तिच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द, आणि यजमानांशी बोललेले शेवटचे.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी यजमानांना गाठलं. "खोटा कित्याक बोललात?"

त्यांनी रहाट ओढून कळशी काठावर घेतली. "तिचो घोव गेलो. आता वयर ह्यां पण तिच्याच डोक्यार घालूचा?"

"आणि तुमचा नाव?"

"नाव माझा आसा. मी बघून घेतंय." मग म्हणाले, "माझी शपथ आसा तुका. मी जिवंत आसय तंवर तोंड उघडू नको."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत काय आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याचाच हात दुखतो.

जाऊबाई घरातच राहिली, जाणार कुठे? सगळ्यांचं जेवण करायची, पण यजमानांच्या ताटात वाढायची नाही. ते पडवीत आले की ती आत जायची. त्यांना काही सांगायचं असलं तर मुलीला पुढे करायची, नाहीतर भिंतीला सांगायची. "तांदूळ सोपले," असं ती भिंतीला म्हणाली की यजमान पिशवी उचलायचे. सूतक फिटलं, मग गावच्या बोलण्याला तोंड फुटलं. चहाच्या टपरीवर कुणीही म्हणायचं, "काय फिटर, नट आवळलंस मरे?" आणि हसायचं. आधी आसपासच्या वाड्यांतून माणसं गाड्या घेऊन आमच्या अंगणात यायची. ती बंद झाली. वर्कशॉपातही त्यांना हळूहळू गाड्यांवरून काढून सामानाच्या कोठीत बसवलं. ज्या माणसाने कधी एक नट रेघेशिवाय सोडला नाही, तो नट मोजून दुसऱ्यांना द्यायला लागला. घोडे त्यांनी स्वतःच कुणाला तरी देऊन टाकले. त्यानंतर ते आमच्या अंगणात कधी गाडीखाली शिरले नाहीत.

त्याच हिवाळ्यात भाषेवरून सगळा गोवा पेटला. रस्त्यावर झाडं आडवी पडली, बसगाड्या थांबल्या, भिंतींवर मोठमोठी अक्षरं उमटली. आमच्या वाडीतही कोकणी की मराठी यावरून सख्खे भाऊ एकमेकांची तोंडं बघेनासे झाले. पुढच्या पावसाच्या आधी गोव्याचं वेगळं राज्य झालं, पेडण्यात फटाके वाजले. कुणी कुठल्या भाषेत बोलायचं ते ठरलं म्हणे. आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी कुठल्याच भाषेत बोलत नव्हती, त्याचा निकाल कोण लावणार होतं?

मी यजमानांवर फार चिडायची. हे मला लपवायचं नाही. लोक म्हणायचे, किती शांत बाई, नवऱ्याच्या हातून एवढं घडलं तरी शब्द नाही. मला वाटायचं, चौकात उभं राहून ओरडावं. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, "तुमी देव झालात आणि माका दगड करून ठेवलात." ते म्हणाले, "भाऊ माझ्यामुळेच गेलो. मी आईचा आयकलंय, थंयच गेलो. पानो कोणी उचललो तेका काय?" म्हणजे हा माणूस खोटं बोलला होता आणि त्याचं खोटं त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. मग मी कुणाशी भांडणार?

सासूबाई फार काळ राहिल्या नाहीत. मुलगी आमच्या अंगाखांद्यावर वाढली. यजमान तिला सायकलवर शाळेत सोडायचे, तिच्या चपलांचे तुटलेले पट्टे शिवून द्यायचे. तिचं लग्न ठरलं तेव्हा कन्यादानाला आम्ही दोघं बसलो. जाऊबाई खांबामागून बघत होती. पाठवणीच्या वेळी मुलगी यजमानांच्या गळ्यात पडून रडली. मला वाटलं, आज तरी ही बया एक शब्द बोलेल. ती आत जाऊन पाहुण्यांची भांडी मोजायला लागली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, मी मनात म्हटलं, आणि तिचा द्वेष केला. हो, द्वेषच. एका चुलीवर भाकऱ्या भाजत केलेला द्वेष.

मग यजमान गेले. दम्याने. खाणीवरची लाल धूळ एवढी वर्षं छातीत साठलेली. शेवटचे आठवडे ते पडवीतल्या खाटेवर होते आणि जनेल, म्हणजे खिडकी, उघडं ठेवायला सांगायचे. जाऊबाई त्यांच्यासाठी पेज करायची, खाटेजवळच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि निघून जायची. मी उचलून भरवायची. एकदा त्यांनी तिची पाठमोरी आकृती बघितली आणि हात थोडासा वर केला. तिने मागे वळून पाहिलं नाही. तो हात मी पाहिला, म्हणून मला ते अजून आठवतं.

दिवस-कार्य झालं, पाहुणे पांगले, मुलगी आपल्या घरी गेली. घरात आम्ही दोघीच उरलो. एका दुपारी मागच्या पडवीत तांदूळ निवडायला बसलो होतो. जाऊबाई सहज म्हणाली, "आता माका सोबत तूच."

तिच्या त्या "सोबत" शब्दाने माझा बांध फुटला. शपथ त्यांच्या जिवंतपणापुरतीच होती. मी सूप खाली ठेवलं. "वयनी, आयका. तो पानो तेंनी सीटीर ठेवललो. ते विसारले नव्हते. तुमी तो उचलून पूजेक नेलात."

मला वाटलं होतं ती ओरडेल, नाही म्हणेल, छाती पिटेल. मी इतकी वर्षं मनात हा प्रसंग किती तऱ्हांनी रंगवला होता. ती तांदळातले खडे वेचत राहिली.

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तेच सकाळपासून. गाडी उलटली म्हणान सांगणारो आयलो, तेव्हाच." तिने एक खडा अंगणात टाकला. "आदल्या सांजेक माझ्या घोवान माका इचारल्यान, 'झाली मगो गाडी?' मी म्हटलंय, 'झाली.' माका काय ठावक झाली काय नाय? पानो धुवन पूजेत, हार घातललो, मी म्हटलंय झाली."

"मगे इतकी वर्सां तेंच्यार राग कित्याक धरलात? बोलणा कित्याक सोडलात?"

"राग नाय गो." आता तिचे हात थांबले. "तेच्याकडे बोललंय आसतंय, तर पयला ह्यां सांगूचा लागला आसता."

तिने मान वर केली आणि मला विचारलं, "तेका ठावक होता? मी उचललंय ता?"

हा प्रश्न ती इतकी वर्षं कुणाला विचारू शकली नव्हती, आणि ज्याला विचारायचा तो गेला होता. नाही म्हणावं, तर भावाचा जीव आपण घेतला असं समजूनच तो माणूस मेला, आणि हिने ते बघत राहून त्याला सोडवलं नाही. हो म्हणावं, तर ज्याने हिला पाठीशी घातलं त्यालाच हिने आयुष्यभर पाठ दाखवली. दोन्हीकडून तिला भाजणारच होतं. मला तिला कशातूनच वाचवता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला वाचवायचंही नव्हतं.

"होता," मी म्हटलं. "पयल्या दिसापासून."

तिने सूप बाजूला सारलं. नवरा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती, मुलीच्या पाठवणीला रडली नव्हती. त्या दुपारी ती माझ्या नवऱ्यासाठी जमिनीवर डोकं टेकून रडली, दिवेलागणीपर्यंत. मी तिच्या शेजारीच बसून होते. तिला उगी राहा म्हणून मी म्हटलं नाही.